गॅरेजचे शटर : निवड, निगा आणि यतना

घर बांधताना मुख्य दरवाजाचे लाकूड कोणते असावे, चौकटीवर मंगलकलश कोरावा की स्वस्तिक, देवघर कोणत्या दिशेला असावे, यांवर कुटुंबात कित्येक दिवस चर्चा चालते. गॅरेजच्या दाराचा विषय मात्र अगदी शेवटच्या आठवड्यात निघतो आणि 'शटरवाल्याला सांगून टाका' एवढ्या एका वाक्यात संपतो. वस्तुतः संपूर्ण घरात सर्वांत जड अशी हलती वस्तू कोणती असेल, तर ती हे शटर होय. रोज दोन-चार वेळा ते माणसांच्या डोक्यावरून वर जाते आणि तसेच खाली येते. त्याची निवड आणि निगा हा विषय म्हणूनच सौंदर्यापेक्षा सुरक्षिततेचा, आणि आपल्या दृष्टीने यतनेचाही आहे.

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांना शटर नवे नाही. खाली पेढी किंवा दुकान आणि वर राहते घर, अशी रचना महाराष्ट्रातील बहुतेक बाजारपेठांत आजही दिसते. तथापि दुकानाचे शटर आणि घराचे शटर यांत एक महत्त्वाचा भेद आहे. दुकानाचे शटर सकाळी एकदा धडधाकट माणूस उचलतो आणि रात्री एकदा ओढतो. घरचे शटर मात्र कधी सून उघडते, कधी सासूबाई, कधी शाळेतून आलेला नातू. यास्तव निवडीचा पहिला नियम असा सांगता येईल : घरातील सर्वांत दुबळ्या हाताला जे झेपेल, तेच दार घ्यावे. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत 'अतिभारारोपण' सांगितले आहे. ते मुक्या जनावरांपुरते मर्यादित न मानता घरातील वृद्ध आणि नोकरमाणसे यांनाही लागू केले, तर हा नियम आपोआप पटेल.

जागा खरोखर गॅरेज आहे काय?

बंगल्यात किंवा रो-हाऊसमध्ये राहणाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. इमारतीत राहणाऱ्यांनी मात्र खर्च करण्यापूर्वी तो स्वतःला विचारावा. स्थावर संपदा (विनियमन आणि विकास) अधिनियम, २०१६ अर्थात 'रेरा' कायद्यात गॅरेजची व्याख्या दिलेली आहे. तिच्यानुसार वर छत आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन ठेवण्याची प्रकल्पातील जागा म्हणजे गॅरेज. उघडी किंवा न बंदिस्त केलेली पार्किंगची जागा या व्याख्येत बसत नाही. त्यापूर्वी, २०१० मध्ये, नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्टिल्टखालची पार्किंगची जागा म्हणजे स्वतंत्रपणे विकता येण्याजोगे गॅरेज नव्हे, असा निर्णय दिला होता.

यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. आपल्याला वापरासाठी मिळालेल्या स्टिल्टमधील जागेला परस्पर भिंती घालून शटर बसवणे म्हणजे मंजूर नकाशात बदल करणे होय. संस्थेची आणि स्थानिक प्राधिकरणाची लेखी परवानगी नसेल, तर ते बांधकाम उद्या काढावे लागू शकते. जे सर्वांचे आहे, ते शटर ओढून आपले करणे अचौर्याच्या भावनेलाही धरून नाही.

मापे आणि प्रकार

लहान मोटारीची रुंदी आरसे धरून दोन मीटरच्या जवळपास जाते. दारातून गाडी आत-बाहेर करताना दोन्ही बाजूंना वीतभर तरी मोकळी जागा हवी. म्हणून साडेआठ ते नऊ फुटांची मोकळी रुंदी सोयीची ठरते. उंची साधारणतः आठ फूट ठेवतात. लिंटेलच्या वर शटरची गुंडाळी मावण्यासाठी आणखी सव्वा ते दीड फूट जागा लागते. ती घराच्या नकाशातच राखून ठेवली नाही, तर गुंडाळी दाराच्या मापात उतरते आणि उंच गाडीच्या टपाला लागू लागते.

आपल्याकडे प्रचलित असलेल्या शटरचे तीन प्रकार आहेत. पहिला हाताने उचलावयाचा, ज्याला कारागीर 'पुश-पुल' म्हणतात. दुसरा साखळी किंवा हँडल फिरवून चालवावयाचा गिअरचा. तिसरा मोटारीचा. साधे पुश-पुल शटर बेअरिंगशिवाय सुमारे ८ चौरस मीटरपर्यंत आणि बॉल बेअरिंगसह १२ चौरस मीटरपर्यंत योग्य मानले जाते. त्याहून मोठ्या दाराला गिअर किंवा मोटार हवीच. नऊ फूट रुंद आणि आठ फूट उंच दाराचे क्षेत्रफळ ७२ चौरस फूट, म्हणजे सुमारे ६.७ चौरस मीटर होते. एका मोटारीच्या गॅरेजला पुश-पुल पुरेसे ठरते ते यामुळे. दोन गाड्यांसाठी एकच रुंद दार करण्यापेक्षा दोन स्वतंत्र दारे केली, तर प्रत्येक दार हलके राहते आणि एक बिघडले तरी दुसरे चालू राहते.

आता वजनाचा हिशेब पाहू. एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा प्रति चौरस मीटर ७.८५ किलो भरतो. ०.९० मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा धरला, तरी आपल्या दाराचे वजन ४७ किलोंच्या घरात जाते. शटरच्या पट्ट्या सपाट नसतात. त्यांना गोलावा असतो आणि कडा एकमेकींत दुमडलेल्या असतात. म्हणजे प्रत्यक्षातील वजन यापेक्षा बरेच अधिक. एवढे ओझे वृद्ध माणूसही उचलू शकतो, तो वरच्या पाइपातील स्प्रिंगमुळे. शटर खाली ओढताना आपण स्प्रिंगच्या खात्यात शक्ती जमा करतो आणि वर उचलताना ती काढून घेतो. हे खाते ज्या दिवशी रिकामे होते, त्या दिवशी सगळे ओझे मनगटावर येते.

पत्र्याची जाडी आणि दरपत्रक

भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. ६२४८ हे धातूच्या रोलिंग शटरसाठीचे मानक आहे. ३.५ मीटरपर्यंत रुंदीच्या शटरला किमान ०.९० मिलिमीटर जाडीची पट्टी आणि त्याहून रुंद शटरला अधिक जाड पट्टी, हा सर्वमान्य दंडक आहे. बाजारात जाडी गेजमध्ये सांगतात. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट म्हणजे गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे सुमारे १.२, २० गेज म्हणजे सुमारे ०.९ आणि २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर. विसाऐवजी बावीस गेज वापरले, तर पोलाद जवळजवळ बावीस टक्के कमी लागते. रंग चढल्यावर हा फरक डोळ्यांना दिसत नाही. मात्र गाडीचा लहानसा धक्का बसताच तो समजतो. म्हणून कच्ची पट्टी रंगवण्यापूर्वी कॅलिपरने मोजून घ्यावी. प्रामाणिक कारागीर यात मुळीच अपमान मानत नाही.

दरपत्रके मागवताना केवळ चौरस फुटाचा दर पाहू नये. काही कारागीर फक्त मोकळ्या दाराचे माप धरतात, तर काही वरच्या गुंडाळीची उंचीही मापात घेतात. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत आणि दोन्हींत काही गैर नाही, परंतु त्यांची तुलना करताना फसगत होते. समजा, एकाने ७२ चौरस फुटांना ३०० रुपये दर लावला. त्याचे २१,६०० रुपये झाले. दुसऱ्याने २७० रुपये दर सांगितला, पण दीड फूट गुंडाळी धरून ८५.५ चौरस फूट मोजले. त्याचे २३,०८५ रुपये होतात. हे दर केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. ज्याचा दर कमी, त्याचेच बिल अधिक, असा हा प्रकार.

यास्तव दरपत्रकात पुढील बाबी लेखी असाव्यात : माप कोणत्या पद्धतीने घेतले, पट्टीची जाडी मिलिमीटरमध्ये, पत्रा साधा की जस्ताचा मुलामा दिलेला, बेअरिंग आहे किंवा नाही, गुंडाळीवरील झाकण, कुलपे, रंग, वाहतूक आणि बसवणावळ दरात धरली आहे काय, आणि स्प्रिंगची हमी किती काळाची. पक्के बिल घ्यावे व जपून ठेवावे. घरफोडीच्या विम्याचा दावा करण्याचा प्रसंग आला, तर दार किंवा कुलूप बळाने तोडल्याचा पुरावा सहसा मागितला जातो. तेथे हे बिल आणि दाराची छायाचित्रे उपयोगी पडतात.

लहान भागांचे मोठे महत्त्व

शटर टिकते ते त्याच्या लहान सामानावर. दोन्ही बाजूंच्या उभ्या गाईड-पट्ट्या ओळंब्यात हव्यात. ३.५ मीटरपर्यंतच्या दाराला त्यांची खोली ६५ मिलिमीटर असावी, म्हणजे वाऱ्याच्या दाबाने पट्ट्या बाहेर निसटत नाहीत. पट्ट्यांच्या टोकांना बसवलेल्या क्लिपांमुळे त्या आडव्या सरकत नाहीत. खर्च वाचवण्यासाठी या क्लिपा वगळणे हे पुढील सर्व दुखण्यांचे मूळ होय. खालच्या जाड तळपट्टीला रबराची किनार लावून घ्यावी. तिच्यामुळे पाणी, धूळ आणि उंदीर आत येत नाहीत, आणि शटर जमिनीवर आपटण्याचा आवाजही कमी होतो.

कुलपांच्या बाबतीत, मधल्या एका कुलपापेक्षा दोन्ही बाजूंना जमिनीलगत असलेली कुलपे अधिक भक्कम, कारण मधोमध कुलूप असलेल्या शटरची टोके पहारीने उचकटता येतात. मात्र वाकणे ज्यांना जड जाते अशा ज्येष्ठांसाठी एक बाजू आतून कडीने बंद करण्याची सोय ठेवावी. कुलपात तेल घालण्याची आपली जुनी सवय सोडावी. तेलावर धूळ बसून त्याचा चिखल होतो. शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड, म्हणजेच ग्राफाइट, किल्लीला लावून दोन-चार वेळा फिरवली की कुलूप सुटसुटीत चालते.

कोकणपट्टी, मुंबई आणि गोवा येथील खाऱ्या हवेत साधे रंगवलेले पोलाद लवकर गंजते. तेथे जस्ताचा मुलामा दिलेल्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आरंभी महाग वाटल्या, तरी पुन्हा पुन्हा रंगवण्याचा खर्च वाचवतात.

वायुवीजनाचा विचार तर कधीही टाळू नये. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो. गळती झाल्यास तो छताशी साठतो. एलपीजी जड असतो. तो जमिनीलगत पसरतो. म्हणून गॅरेजला वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंना झरोके हवेत, किंवा शटरचा काही भाग जाळीदार पट्ट्यांचा असावा. शटर बंद ठेवून आत गाडीचे इंजिन चालू करणे प्राणघातक ठरू शकते. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

मोटारीचे शटर

घरात गुडघेदुखीचे किंवा हृदयविकाराचे रुग्ण असतील, तर मोटार ही चैन राहत नाही. मात्र चार गोष्टी पाहून घ्याव्यात. वीज गेल्यावर हाताने उघडण्याची सोय असावी आणि ती घरातील प्रत्येकाला एकदा करून दाखवलेली असावी. वर-खाली ठरलेल्या जागी मोटार आपोआप थांबवणारा लिमिट-स्विच असावा. दारात काही आडवे आले तर शटर थांबवणारा किरणांचा सेन्सर जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवावा. लहान मूल, मांजर किंवा कुत्र्याचे पिल्लू त्याच उंचीवर असते. आणि भिंतीवरचे बटण मुलांच्या हाती येणार नाही अशा उंचीवर, पण शटर पूर्ण दिसेल अशा जागी असावे. ज्या घरी साधू-साध्वी गोचरीसाठी येतात, तेथे हाताने उघडणारे एक स्वतंत्र दार असणे उचित, कारण विजेचा वापर वर्ज्य मानणाऱ्यांना मोटारीने उघडलेल्या दारातून येणे अडचणीचे ठरते.

ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक आहेत आणि जे वर्षातील काही महिने तेथे राहतात, त्यांनी तेथील दाराची ओळख करून घ्यावी. ते आपल्यासारखे गुंडाळले जात नाही. चार-पाच आडव्या फळ्यांचे दार रुळांवरून वर जाऊन छताखाली आडवे होते. १ जानेवारी १९९३ पासून तेथे घरगुती दारांसाठी बनणाऱ्या मोटारींना माणूस अडकू नये अशी सुरक्षा-व्यवस्था सक्तीची आहे. तिची परीक्षा सोपी आहे. दीड इंच जाडीची लाकडी फळी दाराखाली आडवी ठेवून दार बंद करावे; फळीला टेकताच ते दोन सेकंदांच्या आत उलट वर गेले पाहिजे. न गेल्यास ते वापरू नये. तेथील नेहमीची टॉर्शन स्प्रिंग सुमारे १०,००० वेळा उघडझाप होण्याच्या हिशेबाने बनवलेली असते. दिवसाला चार वेळा दार उघडून बंद केले, तर हे आयुष्य पावणेसात वर्षांच्या आसपास भरते. घरातील सर्वांची ये-जा गॅरेजमधूनच असेल, तर स्प्रिंग त्याहून लवकर तुटली म्हणून आश्चर्य वाटू नये.

दुखण्याचे निदान

शटर बिघडले की आपण लगेच 'स्प्रिंग गेली' असे म्हणतो. पण निदानाचा क्रम उलटा हवा. प्रथम गाईड-पट्ट्या कोरड्या फडक्याने आणि ब्रशने स्वच्छ कराव्यात. पुष्कळदा खरखर आणि जडपणा तेवढ्यानेच जातो. गाईडमध्ये ग्रीस भरू नये, कारण त्यावर माती चिकटते. सिलिकॉनचा हलका फवारा पुरे. ग्रीसची जागा बेअरिंग आणि गिअर ही होय. आता नेहमी मिळणारे लिथियम ग्रीस सामान्यतः एरंडेलापासून मिळणाऱ्या आम्लावर आधारित असते. पूर्वी कित्येक ग्रीसांत प्राण्यांची चरबी वापरीत. ज्यांना याविषयी काटेकोर राहावयाचे असेल, त्यांनी उत्पादकाकडे चौकशी करावी.

स्वच्छतेनंतरही शटर जड राहिले, किंवा अर्ध्यावर सोडताच वेगाने खाली येऊ लागले, तर स्प्रिंगचा ताण कमी झाला आहे किंवा ती तुटली आहे असे समजावे. उलट हात लावताच ते झटक्याने वर जात असेल, तर ताण अधिक आहे. एका बाजूला तिरके जात असेल, तर टोकांच्या क्लिपा तुटून पट्ट्या सरकल्या असाव्यात. ठरावीक जागी अडकत असेल, तर तेथील पट्टी वाकलेली आहे. अशी एखादी पट्टी आडवी सरकवून काढता येते आणि तेवढीच बदलता येते. त्यासाठी पूर्ण शटर बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर दुसऱ्या कारागिराचे मत घ्यावे. गंज बहुधा तळपट्टीपासून सुरू होतो. तो वेळीच खरवडून गंजरोधक रंग दिला, तर शटरचे आयुष्य वाढते.

स्प्रिंगला मात्र घरच्या माणसाने हात लावू नये. शटर पूर्ण बंद आणि निश्चल असते, तेव्हाच स्प्रिंगमध्ये सर्वाधिक ताण साठलेला असतो. बोल्ट ढिला करताच ती शक्ती एका क्षणात मोकळी होते. हाताची बोटे, चेहरा, डोळे काहीही सुरक्षित राहत नाही. हे काम त्यातील जाणकाराचेच आहे. तो काम करीत असताना शटरखाली कोणी उभे राहू नये, अर्धवट उघडे शटर विटेच्या किंवा काठीच्या आधारावर ठेवू नये, आणि कारागिरालाही घाई लावू नये. त्याचा जीव आपल्या वेळेपेक्षा मोलाचा आहे.

शटरमधील लहान जीव

गुंडाळीच्या झाकणातील अंधारी, कोरडी जागा चिमण्यांना, पालींना आणि गांधीलमाश्यांना फार मानवते. काही दिवस बंद राहिलेले शटर एकदम वर खेचले, तर गुंडाळीत सापडलेल्या जीवाला सुटण्याची संधी मिळत नाही. तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या मुळाशी प्रमाद पाहिला आहे, आणि येथे प्रमाद टाळणे अगदी सोपे आहे. प्रवासाहून परतल्यावर शटरवर हाताने दोन-तीन वेळा हलकेच थापटावे, थोडे थांबावे, मग ते वीतभर उचलून पुन्हा थांबावे आणि त्यानंतरच सावकाश वर न्यावे. श्वेतांबर परंपरेतील श्रमण-प्रतिक्रमणात गोचरीच्या दोषांची आलोचना करताना अर्धवट लोटलेले कवाड उघडल्याचाही उल्लेख येतो. साध्या दाराच्या हालचालीत जेथे एवढी जागरूकता अपेक्षिली आहे, तेथे पन्नास-साठ किलोंच्या शटरबाबत श्रावकाने थोडे थांबणे मुळीच अधिक नव्हे.

गुंडाळीत घरटे झाले असेल, तर पिल्ले उडून जाईपर्यंत शक्य तेवढे दिवस गाडी बाहेर ठेवावी. घरटे रिकामे झाल्याची खात्री झाल्यावरच झाकणाच्या दोन्ही टोकांना बारीक जाळी बसवून घ्यावी. जाळी बसवताना आत कोणी उरलेले नाही, हे बॅटरीच्या प्रकाशात पाहावे. विषारी फवारे आणि चिकट सापळे यांची आवश्यकताच उरू नये, अशी व्यवस्था आधीच करणे हाच त्यावरचा उत्तम उपाय.

निगेचे वेळापत्रकही आपल्या परंपरेत तयार आहे. चातुर्मास सुरू होण्यापूर्वी, ज्येष्ठ महिन्यात, गाईड साफ करणे, तळपट्टी रंगवणे, पावसाचे पाणी वाहून जाण्याचा उतार तपासणे ही कामे उरकून घ्यावीत. पावसाळ्यात ओल्या जागी शेवाळ आणि सूक्ष्म जीव यांची उत्पत्ती होते. त्या काळात खरवडणे, धुणे टाळलेले बरे. कार्तिकी पौर्णिमेनंतर पुन्हा एकदा बेअरिंग, कुलपे आणि मोटारीचा सेन्सर तपासून घ्यावा. वर्षातून दोन सकाळी एवढे केले, तर कारागिराला अपरात्री बोलावण्याची वेळ सहसा येत नाही.

शेवटी एक सूचना. वर्षातून एकदा घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला, तिच्या सवडीने, आपल्यासमोर शटर उघडून बंद करावयास सांगावे. त्यांना श्रम न पडता ते वर गेले आणि न आपटता खाली आले, तर दार ठीक आहे. त्यांना दोन्ही हात लावून जोर करावा लागला, तर त्याच दिवशी कारागिराला निरोप धाडावा. पुढच्या महिन्यावर ते काम ढकलू नये.